तिसऱ्या आधाराखालचं भोक

१

विचुंब्याच्या दूध केंद्रात मंगळवारी सकाळी सहाशे लिटर दूध जमिनीवर वाहून गेलं, आणि दुपारपर्यंत गुन्हेगार कोण हे अख्ख्या पनवेल तालुक्याला ठाऊक झालं. पळस्पे फाट्यावरचा ताहेर मुकादम. टाकी त्यानं बनवली होती. आठ महिन्यांत स्टीलच्या टाकीला भोक पडतं म्हणजे स्टील खोटं, आणि स्टील खोटं म्हणजे ताहेर खोटा. गणित इतकं सोपं होतं की ते पुन्हा करून बघायची कोणाला गरज वाटली नाही.

खांदा कॉलनीतल्या वसुंधरा फणसे यांना सोप्या गणिताचा जन्मजात तिटकारा. रसायनीकडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: कुठला धातू कशानं खाल्ला, ते शोधायचं. धातू खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, हे त्या तिथे शिकल्या. निवृत्त झाल्यावर धातू सुटले आणि संशय तेवढा अंगाला चिकटून राहिला. आता भाजीवाल्याच्या तराजूपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कोणीही त्यातून सुटत नसे.

बुधवारी सकाळी केंद्राचे चेअरमन विनायकराव पाटील जीप घेऊन त्यांच्या दारात आले. जीपच्या नाकावर लिंबू-मिरची लटकत होती.

"बाई, तुमी फक्त दोन ओळी लिहून द्यायच्या," विनायकराव खुर्चीत टेकता टेकता म्हणाले. "स्टील भेसळीचं हाय, एवढंच. रविवारी सभासदांची सभा हाय. तुमच्या सहीचा कागद असला की ताहेरकडून तालुक्यात कोनी साधा डबा पन झाळून घेनार नाय."

"आणि स्टील चांगलं निघालं तर?"

"चांगलं कसं निघंल? भोक पडलंय ना." विनायकरावांनी खिशातून चुंबक काढून टेबलावर ठेवला. "ह्यो चिकटतो टाकीला. खऱ्या स्टीलला चुंबक चिकटत नाय, हे भांडीवाला पन सांगतो."

"तुम्हाला कळलं कधी?"

"मंगळवारी, साडेसहाला. आमचा मॅनेजर अवधूत भगत, त्याचा फोन आला. म्हनला, साहेब, टाकीला भोक पडलं, दूध गेलं. मी तसाच निघालो."

उत्तर खिशात घालून प्रश्न विचारायला येणारा माणूस वसुंधराबाईंनी आयुष्यात पुष्कळ पाहिला होता. असा माणूस बहुतेकदा काहीतरी झाकत असतो. त्यांनी भिंग, बॅटरी आणि बारीक सुयांची डबी पिशवीत टाकली.

"सही नंतर," त्या म्हणाल्या. "आधी टाकी दाखवा."

२

टाकी खरंच देखणी होती. दोन हजार लिटरची, आडवी, स्टीलच्याच तीन रुंद आधारांवर ठेवलेली. आधार आणि टाकी यांच्यामध्ये रबराची पट्टी, कडेला बोटं जातील एवढी फट. वरचं आवरण घालायचं राहून गेलं होतं, त्यामुळे आत थंडगार दूध भरलं की टाकीला बाहेरून दरदरून घाम यायचा. आता ती रिकामी होती आणि एक बाजू जॅकवर उचललेली होती.

मॅनेजर अवधूत भगत तिशीतला, चष्मा लावलेला, बी.एस्सी. झालेला. गेल्याच गणपतीत गावच्या मंडळात त्यानं अंधश्रद्धेवर तासभर भाषण ठोकलं होतं, आणि नवसवाल्या बायकांची इतकी टर उडवली होती की दोघीतिघी मंडपातून उठून गेल्या होत्या. हे विनायकरावांनी जीपमध्ये मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

"मॅडम, क्लिअर केस आहे," अवधूत म्हणाला. "मटेरियलच डिफेक्टिव्ह. तुमचा वेळ घालवायची गरज नव्हती."

वसुंधराबाईंनी चुंबक टाकीवर फिरवला. सपाट भागावर तो घसरून पडला. जिथे पत्रा जोर लावून वळवला होता तिथे थोडासा धरला.

"बघा," विनायकराव म्हणाले.

"बघतेय. उत्तम स्टीलसुद्धा जोरानं वाकवलं की वाकल्या जागी थोडं चुंबक धरतं. एवढ्यावरून कोणाला फाशी देऊ नये." त्यांनी चुंबक परत केला आणि बॅटरी घेऊन टाकीत डोकावल्या. आतून टाकी आरशासारखी स्वच्छ होती. भोक सोडलं तर कुठे डाग नाही, ठिपका नाही. बाहेर कोपऱ्यात टाकी धुणारा गोमा उभा होता. डोंगरातल्या ठाकरवाडीचा, पन्नाशीचा माणूस. मंगळवारपासून सगळे त्याच्याकडेही तिरक्या नजरेनं बघत होते. त्यानंच कसलं तरी ॲसिड टाकीत ओतलं असेल, अशी एक कुजबूज होती.

"गोमादादा, टाकी कशानं धुता?"

"उकळतं पानी, बाय. सोडा आनि उकळतं पानी. दुसरं कायबी नाय."

मग त्या टाकीखाली गेल्या. भोक तिसऱ्या आधाराच्या जागेवर होतं, आधारात बसणाऱ्या पत्र्यात, टाकी उचलल्याशिवाय दिसणारच नाही असं. त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"काय दिसतंय, मॅडम?" अवधूतनं विचारलं.

वसुंधराबाई उठल्या. भोकाचं तोंड बाहेरून वाटाण्याएवढं रुंद होतं आणि आत जाता जाता ज्वारीच्या दाण्याएवढं झालं होतं. ड्रिलनं पडलं असतं तर ते सरळ पडतं. दुधानं किंवा ॲसिडनं पडलं असतं तर आतून बाहेर पडतं. ही टाकी बाहेरून आत खाल्ली गेली होती, आणि तीही फक्त एका जागी.

३

"तुम्ही पण चुंबक आणलाय का, मॅडम?" ताहेर मुकादमनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. पळस्प्याच्या शेडमध्ये काम बंद होतं. कारागीर बाहेर बाकड्यावर बसून होते.

"आणला होता, तिकडेच देऊन आले," वसुंधराबाई म्हणाल्या. "जोड झाळल्यावर काळपट पट्टा येतो, तो साफ केला होता का? की नुसतंच पॉलिश मारलं?"

ताहेरनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "बहारीनमध्ये अकरा वर्षं दुधाच्याच टाक्या केल्या. ॲसिडची पेस्ट लावून प्रत्येक जोड धुतला, मग साध्या पाण्यानं तीनदा. तो पट्टा राहिला तर स्टील तिथूनच सडतं, एवढं मला कळतं. हा माझा ईमानाचा धंदा आहे."

ईमानाची गोष्ट सगळेच करतात, असं वसुंधराबाईंच्या मनात आलं. त्यांनी टाकीच्या पत्र्यातला उरलेला तुकडा मागितला. ताहेरनं तीन काढून दिले. लपवण्यासारखं असतं तर एकच दिला असता, किंवा उरलाच नाही म्हणाला असता. पण हुशार माणूस तीन देईल हेही खरंच, म्हणून त्यांनी तिन्ही तुकडे पिशवीत टाकले.

शेडच्या मागेच घर होतं. ताहेरची बायको फहमिदा चहा घेऊन आली. डोक्यावरचा पदर सारखा नीट करत ती उभी राहिली, आणि कोणाच्याही नजरेला नजर न देता आत निघून गेली.

"तुमच्यावर कोणाचा डोळा आहे?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"नाव घेणार नाही. पण ही टाकी विनायकरावांच्या साडूला बनवायची होती. सभासदांनी माझं काम बघून मला दिली. तेव्हापासून साहेबांनी माझा सलाम घेतला नाही." त्यानं बाहेर बसलेल्या कारागिरांकडे बघितलं. "मॅडम, रविवारी त्यांनी मला खोटा ठरवला तर मी हे शेड विकून जाईन. खोट्या माणसाच्या हातची वेल्डिंग कोण घेतं?"

वसुंधराबाई घरी आल्या त्या विनायकरावांचा विचार करतच. साडूसाठी माणूस बरंच काही करतो. चुंबक खिशात घेऊन फिरतो, सहीचा कागद आयता मागतो. पण टाकी बाहेरून सडवायची तर रोज तिच्याजवळ जायला हवं, आणि विनायकराव केंद्रात महिन्यातून एकदा पाय ठेवायचे. मग त्यांच्यासाठी हे काम करत होतं कोण?

४

गुरुवारी त्या केंद्रात एकट्या गेल्या. अवधूत पनवेलला गेला होता. तिसऱ्या आधारावरची रबराची पट्टी त्यांनी सुईनं हळूहळू उचलली आणि टाकीवरच्या जागेशी जुळवून बघितली. भोकाभोवती लिंबाएवढा गोल डाग होता. तपकिरी, कडेला गडद. भिंगाखाली त्या डागात आडव्या-उभ्या बारीक रेघा दिसल्या, कापडाच्या विणीच्या. आणि पट्टीच्या फटीत अडकले होते तीन काळे, गोल दाणे.

मोहरी.

गोमा झाडू घेऊन जवळच उभा होता. कापडाची पुरचुंडी, मोहरी, आणि मोहरीबरोबर जे हमखास असतं ते मीठ. दृष्ट काढायचं सामान. वसुंधराबाईंची नजर आपोआप गोमाकडे वळली. डोंगरातला माणूस, त्यांना वाटलं, अंगारे-धुपारे त्याच्या घरचेच.

"गोमादादा, टाकीला दृष्ट लागू नये म्हणून तुम्ही इथे काही बांधलं होतं?"

गोमा हसला नाही की चिडला नाही. "बाय, मीठ मला दुकानातून इकत घ्यावं लागतं. घरात भाकरीसंगं पुरत नाय. टाकीला बांदाया मीठ माज्याकडं कुटनं येनार?"

वसुंधराबाईंना स्वतःची लाज वाटली. सव्वीस वर्षं पुराव्याशिवाय एका खिळ्यालाही दोष दिला नव्हता, आणि इथे जात बघून माणसावर बोट ठेवलं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. "चुकलं माझं. तुम्हाला विचारायला नको होतं."

"समद्यांनीच इचारलं," गोमा म्हणाला. मग त्यानंच विचारलं, "पन मिठानं ह्ये स्टील खातं का? आमच्या घरची लोखंडाची कढई गंजते. ह्ये गंजत नाय म्हनतात ना?"

"गंजतं, पण शहाण्यासारखं गंजतं." त्या आधारावर टेकल्या. "स्टीलमध्ये क्रोमियम नावाचा धातू मिसळलेला असतो. त्याला हवा लागली की त्या क्षणी स्टीलवर एक कातडी चढते. इतकी पातळ की दिसत नाही. ती खालच्या धातूला हवेपासून आणि पाण्यापासून सांभाळते. ओरखडा पडला तरी हवा मिळाली की कातडी पुन्हा धरते. लोखंडालाही गंजाची कातडी येते, पण तिचे पोपडे सुटतात. मग खालचं गंजतं, पुन्हा पोपडे, असं संपेपर्यंत. स्टीलच्या कातडीला वैरी मीठ. उघड्यावर ती त्याच्याशीही बरीच झगडते. पण ओलं मीठ एका जागी दाबून ठेवलं आणि तिथे हवाच जाऊ दिली नाही, तर फाटलेली कातडी पुन्हा धरत नाही. वर तुमचं रोजचं उकळतं पाणी. गरम मीठ जास्त खातं."

"मंग पुरचुंडी कुटं गेली?"

हाच प्रश्न वसुंधराबाईंना पडला होता. "मंगळवारी तुम्ही किती वाजता आलात?"

"सहाला. अवदूतसायेब आदीच आलेलं. दूध वाहात व्हतं. मला म्हनलं, गोमा, नळाचा वॉल गळतोय, पळ, वॉल घट्ट कर. दूध आदाराच्या कडंनं वाहात वॉलपाशीच पडत व्हतं. आमी अकरापर्यंत वॉलच खोलत व्हतो. मंग जॅक लावून टाकी उचलली, तवा भोक दिसलं."

"अकरा वाजता? त्याआधी भोक कोणालाच माहीत नव्हतं?"

"कुनालाच नाय, बाय. कुनाला दिसनार?"

वसुंधराबाईंनी सुयांची डबी बंद केली. विनायकरावांना साडेसहाला फोन गेला होता, आणि फोनवर वॉल नव्हता, भोक होतं.

५

तरी एका पुराव्यावर त्या कोणाला दोषी ठरवणाऱ्यातल्या नव्हत्या. ताहेरच्या तुकड्यांपैकी एक त्यांनी स्टीलची परीक्षा म्हणून बुधवारीच मिठाच्या पाण्यात उघडा बुडवून ठेवला होता. गुरुवारी दुसऱ्यावर मीठ-मोहरीची पुरचुंडी करकचून बांधली, वर रबर दाबलं, आणि दिवसातून चारदा त्यावर उकळतं पाणी ओतलं. स्वयंपाकघरात हा उद्योग बघून शेजारणीनं विचारलं, "कोणाची दृष्ट काढताय?" वसुंधराबाई म्हणाल्या, "एका निरपराध माणसाची."

शनिवारी दुपारी त्यांनी पुरचुंडी सोडली. उघडा तुकडा जसाच्या तसा चकचकीत होता. बांधलेल्या तुकड्यावर टाचणीच्या डोक्याएवढे चार तपकिरी ठिपके पडले होते. दोन दिवसांत एवढं, तर आठ महिन्यांत भोक पडलं यात नवल नव्हतं. स्टील अस्सल होतं, ताहेर खरा होता.

संध्याकाळी त्यांनी अवधूतला केंद्रात गाठलं. दोन्ही तुकडे, तीन मोहऱ्या आणि भिंतीवरून उतरवलेली दिनदर्शिका त्याच्या टेबलावर मांडली.

"मंगळवारी अमावास्या होती," त्या म्हणाल्या. "पुरचुंडी दर अमावास्येला बदलतात. नवं मीठ, नवा दंश. भोक मंगळवारी पडलं नाही, त्याच्या आधी कधीतरी पडलं होतं, पण ओल्या पुरचुंडीचाच बोळा त्यात बसला होता. मंगळवारी सकाळी कोणीतरी जुनी पुरचुंडी ओढून काढली आणि दुधाची धार लागली. ज्यानं ओढली त्याला भोक दिसलं नसेल, पण ते कुठे आहे हे बोटांना कळलं. गोमाला त्यानं वॉलकडे पिटाळलं आणि साडेसहाला चेअरमनला फोन केला. आता तुम्हीच सांगा, भोक अकराला सापडलं, मग साडेसहाला तुम्हाला कसं ठाऊक?"

अवधूतनं चष्मा काढला. 

"टाकी आली त्या महिन्यात चार दिवस ओळीनं दूध नासलं," तो म्हणाला. "मला काढून टाकायचं ठरत होतं. पाचव्या दिवशी आईनं ही पुरचुंडी दिली. म्हणाली, दुधाला नजर लागते. त्याच संध्याकाळी दूध थंड करायच्या मशीनचा गॅसही भरून घेतला होता. दूध नासायचं थांबलं."

"गॅसमुळे."

"माहीत होतं, मॅडम. बी.एस्सी. आहे मी. पण पुरचुंडी काढून बघायचा धीर झाला नाही. काढली आणि पुन्हा नासलं तर? दर महिन्याला वाटायचं, ही शेवटची." त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि मंडपात ज्यांना मी हसलो, त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं सांगू?"

"म्हणून ताहेरला बुडू दिलंत."

"मला वाटलं, त्याचं दुसरीकडे चालेल."

वसुंधराबाईंना त्याची कीव आली होती, ती या वाक्याला संपली. "पुरचुंडी बांधलीत ती भीती होती, ती मी समजू शकते. पण पाच दिवस गप्प बसलात, तो गुन्हा आहे. उद्या सभेत तुम्ही बोललात तर मी बोलणार नाही. तुम्ही गप्प राहिलात तर मी एक शब्द गाळणार नाही."

अवधूतनं दिनदर्शिका उचलून भिंतीवर पुन्हा अडकवली.

६

रविवारी केंद्राच्या आवारात दोनशे सभासद जमले. विनायकरावांनी माईकवरून ताहेरचं नाव घेतलं, ठराव वाचायला सुरुवात केली. वसुंधराबाई पहिल्या रांगेत तुकडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि अवधूतवरची नजर काढत नव्हत्या. ठरावाच्या दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. त्या उठणार एवढ्यात अवधूत उठला.

त्यानं सगळं सांगितलं, आईची पुरचुंडी, अमावास्या, फोन, काहीही न वगळता. आवारात गलका झाला. मागून एक म्हातारी उभी राहिली. "आरं, पुरचुंडी तर आमी पन बांदतो. त्याचं काय नाय. पन तू आमाला हसलास, आनि गुपचूप तेच केलंस. ह्ये बरं नाय केलंस." लोकांना राग आला तो पुरचुंडीचा नव्हे, हसण्याचा. विनायकराव ठरावाची घडी घालून खाली बसले. साडूच्या नावावरून त्यांनाही दोघांनी चार शब्द सुनावले, आणि ते वसुंधराबाईंना फारसे अन्यायाचे वाटले नाहीत.

मग सगळ्यांनी ताहेरकडे बघितलं. मॅनेजरला काय शिक्षा करायची ते त्यानंच सांगावं, असं कोणीतरी म्हणालं.

ताहेर उठला. "शिक्षा नको. टाकीचा तुकडा मी नवीन बसवून देतो. पण इथे जे बोललात ते माझ्या घरी येऊन बोला, अवधूतसाहेब. आजच. माझ्या बीवीसमोर."

दुपारी तिघं पळस्प्याला गेले. फहमिदा दारातच उभी होती. अवधूतनं चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी त्याला जास्त वेळ लागला. शेवटी तो म्हणाला, "भाभी, स्टील खरं होतं. ताहेरभाईंनी काही खोटं केलं नाही. खोटं मी केलं."

फहमिदानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती अवधूतकडे बघतच नव्हती.

"तुमचं खोटं लोकांनी ऐकलं, आज खरंही ऐकलं," ती म्हणाली. "पण मंगळवारी हे घरी आले तेव्हा मी ह्यांना विचारलं, तुम्ही खरंच मिलावट केली नाही ना? वीस वर्षांच्या संसारात मी विचारलं. ते तर फक्त ह्यांनीच ऐकलं."

ती ताहेरकडे वळली. "मला विचारायला नको होतं."

वसुंधराबाईंनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं.  ताहेर मोरीत गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.